नाताळ आपला नाही, मग साजरा करावा का?

२५ डिसेंबर ही तारीख महाराष्ट्रात एकट्या नाताळची नाही. १९२७ साली याच दिवशी महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, त्यामुळे आंबेडकरी चळवळीसाठी हा मनुस्मृती दहन दिन. २०१४ पासून केंद्र सरकार अटलबिहारी वाजपेयींच्या जयंतीनिमित्त हाच दिवस सुशासन दिन म्हणून पाळतं. त्याच सुमारास तुळशी पूजन दिवसाचे संदेशही फिरायला लागले. शिवाय जुन्या इंग्रजी कालगणनेप्रमाणे न्यूटनचा जन्मही याच तारखेचा, हे एखादा विज्ञानप्रेमी मित्र दरवर्षी न चुकता कळवतोच. एवढी गर्दी असूनही सोसायटीच्या ग्रुपवर वाजतं ते एकाच गोष्टीवरून: खाली लॉबीत झाड ठेवायचं का, मुलांसाठी सांता बोलवायचा का, आणि सण आपला नाही तर हे सगळं कशाला?

गंमत अशी की या भांडणात दोन्ही बाजू एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. एकाच्या डोळ्यांसमोर केक आणि रोषणाई असते, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर धर्मांतर. तिसरा शाळेतल्या सक्तीवर चिडलेला असतो. चौथ्याला फक्त वर्गणी द्यायची नसते. म्हणून आधी गुंता सोडवू. चर्चमध्ये जाऊन उपासनेत भाग घेणं ही एक गोष्ट. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी जाऊन शुभेच्छा देणं आणि पानात पडेल ते खाणं ही दुसरी. आपल्याच घरी झाड, चांदणी, केक आणणं ही तिसरी. शाळा, कचेरी किंवा सोसायटीनं सगळ्यांच्या वतीनं कार्यक्रम ठेवणं ही चौथी. या चारही गोष्टींचं उत्तर एकच असेल असं समजलं की वाद मिटत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बोलावणं असेल आणि नाही म्हणायची मोकळीक असेल, तर नास्तिकानं, हिंदूनं, मुसलमानानं, बौद्धानं, कोणीही नाताळला जायला हरकत नाही. या दोनपैकी एक गोष्ट नसेल तर मात्र हरकत आहे, आणि ती हरकत घेणाऱ्याला कोत्या मनाचा म्हणणं चुकीचं.

आता या सणात मुळात धर्म किती, ते पाहू. ख्रिस्ती माणसासाठी नाताळचा गाभा हा की देव माणूस होऊन जन्माला आला. बाकी सगळं त्याभोवतीचं. येशूची जन्मतारीख बायबलमध्ये कुठेही दिलेली नाही. २५ डिसेंबरचा सगळ्यात जुना उल्लेख रोममधला, इ.स. ३३६ चा. आजही रशियातलं आणि इतर काही ठिकाणचं ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या कॅलेंडरप्रमाणे ७ जानेवारीला नाताळ करतं, तर आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला. झाडाची चाल जर्मनीतली. इंग्लंडमध्ये ती घरोघरी पोचली ती राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ साली एका सचित्र साप्ताहिकात छापून आल्यावर. सांता मूळचा संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप. त्याचं गोल पोट आणि लाल कोट हे मात्र अमेरिकी चित्रकारांचं आणि १९३१ नंतरच्या कोका-कोलाच्या जाहिरातींचं काम. आणि आपल्याकडच्या शाळांत ज्यावर मुलं नाचतात त्या ‘जिंगल बेल्स’मध्ये येशू तर नाहीच, नाताळचंही नाव नाही. ते बर्फावरून घोडागाडी हाकण्याचं गाणं आहे.

त्याहून मजेची गोष्ट म्हणजे नाताळवर सगळ्यात कडक बंदी घातली ती कट्टर ख्रिस्ती लोकांनीच. १६४७ साली इंग्लंडच्या संसदेनं नाताळ रद्द केला, कारण प्युरिटन पंथीयांच्या मते बायबलमध्ये ज्याची आज्ञा नाही तो सण पाळणं म्हणजे देवाच्या नावावर केलेली मौजमजा. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करताना सापडलं तर पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबर ही सार्वजनिक सुट्टी झाली १९५८ साली, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळून अकरा वर्षं झाल्यावर. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक आजही नाताळ करत नाहीत, वाढदिवससुद्धा करत नाहीत. तेव्हा “ख्रिस्ती असाल तर नाताळ करणार, नसाल तर नाही” हे समीकरण खुद्द ख्रिस्ती जगातच जुळत नाही.

ज्यांच्या धर्मात हा प्रश्न खरोखर अवघड आहे त्यांच्याकडे वळू. अनेकांना वाटतं की मुसलमानांची अडचण येशूशी आहे. तसं नाही. इस्लाममध्ये ईसा हे मोठे पैगंबर आहेत. कुराणाच्या एकोणिसाव्या सूऱ्याचं (अध्यायाचं) नावच मरियम आहे, आणि खजुराच्या झाडाखाली तिला कळा आल्याचं वर्णन त्यात येतं. अडचण आहे ती येशूला देवाचा पुत्र मानण्याशी. म्हणजे नेमकी नाताळच्या गाभ्याशी.

ही अडचण एका देशानं कशी हाताळली ते सविस्तर बघण्यासारखं आहे. इंडोनेशियात जगातल्या सर्वाधिक मुसलमान लोकसंख्यांपैकी एक आहे आणि ख्रिस्ती लोकही कोट्यवधींनी आहेत. १९७० च्या दशकात तिथे कचेऱ्यांतून, शाळांतून ‘सामूहिक नाताळ’ करायची पद्धत पडली. एकोप्याच्या नावाखाली मुसलमान कर्मचारी आणि विद्यार्थीही त्यात ओढले जायला लागले. मार्च १९८१ मध्ये तिथल्या उलेमा परिषदेनं फतवा काढला: अशा सामूहिक नाताळ सोहळ्यात भाग घेणं मुसलमानांना निषिद्ध. सरकार अस्वस्थ झालं, फतवा मागे घ्या म्हणून दबाव आला. परिषदेचे अध्यक्ष हमका हे नामांकित विद्वान आणि कादंबरीकार. त्यांनी फतव्याचा मजकूर सोडण्याऐवजी अध्यक्षपद सोडलं. ख्रिस्ती माणसाला नाताळच्या शुभेच्छा द्यायला मात्र त्या फतव्यात बंदी नव्हती. तो वाद आजही तिथे दर डिसेंबरात नव्यानं रंगतो.

पुढे २०१६ साली त्याच परिषदेनं आणखी एक फतवा काढला. दुकानांत, मॉलमध्ये, हॉटेलांत काम करणाऱ्या मुसलमान मुलामुलींना मालक डिसेंबरभर सांताची टोपी घालायला लावत होते. परिषद म्हणाली, ही टोपी घालणं निषिद्ध, आणि घालायला लावणंही निषिद्ध. बाहेरच्या जगात याची चेष्टा झाली. मला यातला दुसरा भाग पूर्ण पटतो. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या मुलीला “टोपी घाल नाहीतर घरी जा” म्हणणं ही काही सर्वधर्मसमभावाची खूण नव्हे. टोपी लाल असो की भगवी की हिरवी.

पण त्याच देशातली दुसरी बाजूही पाहा. नहदलातुल उलेमा ही तिथली प्रचंड मोठी मुस्लीम संघटना. तिच्या युवक शाखेचे स्वयंसेवक, ज्यांना बान्सेर म्हणतात, नाताळच्या रात्री चर्चबाहेर पहारा देतात. २४ डिसेंबर २००० ला इंडोनेशियात अनेक शहरांत चर्चवर बॉम्बहल्ले झाले. पूर्व जावातल्या मोजोकर्तो शहरात एबेन हाएझर चर्चपाशी रियांतो नावाचा बान्सेरचा तरुण पहाऱ्यावर होता. संशयास्पद गाठोडं सापडल्यावर त्यानं ते उचलून लोकांपासून दूर नेलं आणि त्याच स्फोटात तो गेला. त्यानं प्रार्थना म्हटली नाही, मेणबत्ती लावली नाही, कदाचित केकही खाल्ला नसेल. नाताळ साजरा न करताही नाताळची राखण करता येते, हा तिसरा मार्ग आपल्याकडच्या चर्चेत कोणी मांडतच नाही.

ज्यूंचं प्रकरण आणखी वेगळं. युरोपात शतकानुशतकं ईस्टरच्या आसपासचे दिवस त्यांच्यासाठी भीतीचे असत, कारण येशूच्या मृत्यूचा दोष त्यांच्या माथी मारला जाई. १९०३ साली किशिनेव्हमधली कुप्रसिद्ध कत्तल ईस्टरच्याच दिवशी सुरू झाली. अशा इतिहासातून आलेला माणूस “नको, आम्ही नाही करत” म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालायची नसते. अमेरिकेतल्या ज्यूंनी त्यावर खास तोडगा काढला. नाताळला सगळं बंद, उघडी फक्त चिनी हॉटेलं, मग तिकडे जेवायला जायचं. २०१० मध्ये एलेना केगन यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकीची सुनावणी चालू असताना एका सिनेटरनं विचारलं की आदल्या नाताळला तुम्ही कुठे होतात. त्या म्हणाल्या, सगळ्या ज्यूंसारखीच बहुधा चिनी हॉटेलात. सभागृहात हशा पिकला, आणि नेमणूकही झाली.

हिंदूंचं काय? खरं सांगायचं तर हिंदू घराला येशूची धार्मिक अडचण फारशी येत नाही. देव्हाऱ्यात आणखी एक तसबीर आली तर कोणाचं बिघडत नाही. रामकृष्ण मठाच्या बेलूरच्या मुख्य केंद्रात नाताळच्या आदल्या संध्याकाळी येशूच्या तसबिरीची रीतसर पूजा होते, केक आणि फळांचा नैवेद्य असतो, बायबलचं वाचन होतं. त्याचं कारण १८८६ मधलं: विवेकानंद आणि त्यांच्या गुरुबंधूंनी आंतपूर गावी धुनीभोवती बसून संन्यासाचा निश्चय केला ती रात्र २४ डिसेंबरची होती, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं.

आपल्याकडचं तर विचारूच नका. वांद्र्याची मोत माउली, म्हणजे माउंट मेरी. ८ सप्टेंबरला तिचा सण आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. टेकडी चढताना दोन्ही बाजूंच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळ, घर मांडलेलं असतं. गुडघा दुखतो त्यानं मेणाचा पाय वाहायचा, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानं मेणाचं घर. हल्ली परदेशी जाऊ पाहणाऱ्यांसाठी विमानही मिळतं. रांगेत कुंकू लावलेल्या कोळणी असतात, बुरख्यातल्या बायका असतात, आणि कोणी कोणाला “तुम्ही इथे कशा?” असं विचारत नाही. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात. शिरगावची लईराई देवी ही तिची बहीण, सात बहिणींतली एक ख्रिस्ती झाली, असं लोक मानतात. बहिणीनं धर्म बदलला म्हणून माहेर तुटलं नाही. हे सगळं सांस्कृतिक समन्वयाची भाषणं सुरू होण्याच्या फार आधीचं आहे.

तरीही हिंदूंच्या मनात नाताळबद्दल अढी असेल तर ती इतिहासातून आलेली असते, आणि ती खोटी आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षं सोडता, इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, अंमल होता. १७३६ च्या एका फर्मानानं तर धर्मांतरित ख्रिस्ती घरांत अंगणात तुळस लावायला, लग्नात हळद लावायला, मीठ न घालता भात शिजवायला, धोतर नेसायला बंदी केली. हे फर्मान हिंदूंपेक्षा ख्रिस्ती गोवेकरांवरच बरसलं होतं. ज्यांचा धर्म बदलला पण रीतिरिवाज बदलले नाहीत, त्यांच्यावर. म्हणजे आजच्या नाताळातल्या नेवऱ्या, लग्नातला रोस (नवरा-नवरीला नारळाचं दूध लावण्याचा विधी) हे सगळं त्या फर्मानाला न जुमानता टिकलेलं आहे. इन्क्विझिशनचा राग म्हणून शेजारच्या आजीच्या नेवऱ्या नाकारणाऱ्यानं एवढं लक्षात घ्यावं.

दुसरी शंका धर्मांतराची. केक खाल्ल्यानं कोणी बाटत नाही हे आता पटवून द्यायला नको. ख्रिस्ती व्हायला बाप्तिस्मा लागतो. कॅथलिक चर्चमध्ये तर प्रौढ माणसाला त्याआधी सहसा कित्येक महिन्यांचं शिक्षण घ्यावं लागतं. कोणी आमिष किंवा दबाव आणत असेल तर तो वेगळा विषय आहे, आणि त्यावर बोलायला डिसेंबर उजाडायची वाट बघायचं कारण नाही. मात्र डिसेंबर आला की उलटंच घडताना दिसतं. २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यात नाताळची गाणी गायला निघालेल्या धर्मविद्यार्थ्यांना आणि पाद्र्यांना पोलीस ठाण्यात नेण्यात आलं.  “आपण त्यांचा सण करावा का” हा प्रश्न विचारताना “त्यांना त्यांचा सण करता येतोय का” हाही विचारायला हवा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ख्रिस्ती सुमारे २.३ टक्के, महाराष्ट्रात तर एक टक्क्याच्या आतच. गोव्यात पंचवीस टक्के.

आणि हे जे एक टक्का आहेत ते मॉलमधल्या नाताळसारखे दिसत नाहीत. अहिल्यानगर, जालना, सोलापूरकडच्या मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची पदं म्हटली जातात. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या रायतूरला येशूचं चरित्र छापलं ते मराठी ओव्यांत. वसईत घरासमोर आणि पारावर येशूजन्माची गव्हाणी उभारतात, त्यात गवत, माती, गुरं, विहीर, रहाट, सगळा वसईचाच देखावा. बेथलेहेम ओळखायला चांदणीच शोधावी लागते. २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. म्हणून माझी एक साधी तक्रार आहे. ज्यांना नाताळ आवडतो अशा पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ घरांत थर्मोकोलचा बर्फ असतो, पण ओळखीचं एकही ख्रिस्ती घर नसतं. घरी झाड लावायला कोणाची परवानगी लागत नाही, पोरांना आवडतं तर लावा. त्याला ख्रिस्ती सण साजरा केला असं मात्र म्हणू नका. ती डिसेंबरातली रोषणाई आहे, आणि तेवढीच असण्यात काही गैर नाही. जपानमध्ये तेच झालं. तिथे ख्रिस्ती एक टक्क्याच्या आसपास, २५ डिसेंबरला सुट्टीही नाही, पण १९७४ पासूनच्या केएफसीच्या जाहिरातींमुळे नाताळ म्हणजे तळलेली कोंबडी आणि स्ट्रॉबेरीचा केक असं ठरून गेलंय.

नास्तिकांचा प्रश्न त्या मानानं सोपा. ज्या मराठी घरात लक्ष्मीपूजन होत नाही पण चकल्या होतात, त्या घराला हे समजावून सांगायला नको. रिचर्ड डॉकिन्ससारखा देव नाकारणारा माणूसही स्वतःला सांस्कृतिकदृष्ट्या ख्रिस्ती म्हणवतो आणि नाताळची गाणी आवडतात असं सांगतो. सोव्हिएत संघानं तर नाताळच काढून टाकला आणि १९३५ च्या शेवटी त्याचं झाड ‘नववर्षाचं झाड’ म्हणून परत आणलं. रशियात आजही झाडाचा मोठा सण तोच. नास्तिकानं एवढंच पाहावं की ज्याच्या घरी गेलो त्याच्या प्रार्थनेच्या वेळी मोबाइल खिशात ठेवता येतो का, आणि “तारीखच मुळात चुकीची आहे” हे सांगायची खुमखुमी जेवण होईपर्यंत आवरता येते का.

आता शाळा. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे निर्णय मोठ्यांचा असतो आणि लाल टोपी पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यावर बसते. आपल्या राज्यघटनेचं कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. त्याच कलमाचा तिसरा भाग म्हणतो की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेतल्या कोणालाही, स्वतःच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान मूल असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येणार नाही. सांताचा नाच ही उपासना आहे का? माझ्या मते नाही. गव्हाणीसमोर प्रार्थना म्हणायला लावणं? आहे. सरस्वतीपूजनालाही हीच फूटपट्टी लावावी लागेल, हे ओघानं आलंच, आणि इथेच बऱ्याच लोकांचा उत्साह मावळतो.

२०२३ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशातल्या शाजापूरच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळांना पत्र पाठवलं: मुलांना सांता वगैरे करायचं असेल तर आधी पालकांची लेखी परवानगी घ्या. नियम म्हणून त्यात वावगं नाही. पण तोच नियम कृष्ण-राधेच्या वेशभूषेला, वारीच्या दिंडीला लागू नसेल तर त्याला नियम म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल इथे उपयोगी पडतो. केरळात यहोवाचे साक्षीदार पंथातल्या तीन भावंडांना १९८५ साली शाळेतून काढलं, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत पण गात नसत. पुढच्या वर्षी बिजो इमॅन्युएल खटल्यात न्यायालयानं मुलांना परत घ्यायला लावलं: उभं राहण्यात आदर आला, श्रद्धेविरुद्ध गायला भाग पाडता येत नाही. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर ही मुभा आहे तर नाताळच्या नाचाच्या बाबतीत, किंवा गणपतीच्या आरतीच्या बाबतीत, असायलाच हवी. शाळांनी एवढं केलं तरी पुरे: कार्यक्रम ऐच्छिक ठेवा, पोशाख विकत आणायला लावू नका, आणि जे मूल भाग घेत नाही त्याला बाईंनी वर्गासमोर “का रे?” म्हणून विचारू नये.

खाण्यापिण्याचं थोडं. गोव्याच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत नाताळला कुस्वार करतात: नेवऱ्या, दोदोल, दोस, बेबिंका, कलकल. कलकल करताना घरातली सगळी माणसं टेबलाभोवती बसतात. नारळाच्या दुधात भिजवलेल्या मैद्याची बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर अंगठ्यानं दाबत पसरायची आणि गुंडाळून सोडायची. अंगावर रेघा उमटलेला शिंपला तयार होतो. तो तळून साखरेच्या पाकात घोळवतात. लहान मुलांचे कलकल वेडेवाकडे होतात, ते घरच्यांसाठी ठेवतात. ताटात सरळ रांगेनं बसतात ते मोठ्यांचे. मग ताट क्रोशाच्या रुमालानं झाकून शेजारी जातं. दिवाळीत शेजारून फराळाचं आलेलं असतं, त्याची ही परतफेड. शाकाहारी असाल तर संकोच न करता विचारा: पीठ भिजवताना काही घरं अंडं घालतात, केकमध्ये बहुतेक वेळा असतंच, आणि प्लमकेकमधले मनुके रममध्ये मुरलेले असू शकतात. विचारल्याचा राग कोणाला येत नाही. गुपचूप घेऊन कचऱ्यात टाकल्याचा येतो.

हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो, हे विसरू नये. तुमचा ख्रिस्ती शेजारी गणपतीला येईल, मखराचं कौतुक करेल, आरतीत हात जोडून उभा राहील, पण कदाचित प्रसाद घेणार नाही. तो शिष्टपणा नसतो. हा प्रश्न त्यांच्याकडे दोन हजार वर्षं जुना आहे. करिंथ या ग्रीक शहरात देवळांत बळी दिलेल्या जनावरांचं मांस बाजारात येई, आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना ते खावं की नाही कळेना. पौलानं पत्रात दिलेलं उत्तर मोठं व्यवहारी आहे. बाजारात मिळेल ते खुशाल खा, उगाच चौकशा करू नका. कोणी जेवायला बोलावलं तर वाढतील ते खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याखातर खाऊ नका. त्यामुळे काही ख्रिस्ती लोक मोदक नुसता मोदक म्हणून आवडीनं खातात आणि “प्रसाद घ्या” म्हटलं की थबकतात. काही जण दोन्ही खातात. ज्याचा त्याला ठरवू द्या.

तुम्ही नाताळच्या मिस्साला गेलात तर तीच मर्यादा तुमच्या बाजूनं येते. कॅथलिक चर्चमध्ये उपासनेच्या उत्तरार्धात लोक रांगेनं पुढे जातात आणि फादर त्यांच्या हातावर किंवा जिभेवर पातळ, गोल, पांढरी भाकर ठेवतात. ती प्रसादासारखी दिसते, म्हणून आपले लोक हात पसरून रांगेत उभे राहतात. घेऊ नका. त्यांच्या श्रद्धेनुसार ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर असतं आणि ते दीक्षित कॅथलिकांसाठीच असतं; प्रोटेस्टंट पाहुण्यांनीही तिथे घ्यायचं नसतं. बाकावर बसून राहिलात तर कोणाला खटकत नाही. पुष्कळ चर्चमध्ये रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवले तर फादर नुसता आशीर्वाद देतात. उभं राहणं, बसणं समोरच्यांचं बघून करा. गुडघे टेकायचे नसतील तर शांत बसा.

सगळेच ख्रिस्ती दिवस आनंदाचे नसतात, हेही ध्यानात असू द्या. गुड फ्रायडेला सुट्टी मिळते म्हणून दरवर्षी हजारो लोक शुभेच्छा पाठवतात. तो येशूला क्रूसावर चढवल्याचा दिवस. चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाचा शेवट, कडक उपवास, चर्चमध्ये घंटा वाजत नाही, वेदीवरचं कापडसुद्धा काढलेलं असतं. वसईत, गोव्यात त्या दिवशी क्रूसाच्या वाटेची मिरवणूक निघते. रस्त्यात दिसली तर हॉर्न न वाजवता थांबायचं, एवढंच आपल्याकडून अपेक्षित. शुभेच्छा राखून ठेवा त्याच्या तिसऱ्या दिवसासाठी, ईस्टरच्या रविवारसाठी. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, म्हणून दरवर्षी कॅलेंडर बघावं लागतं. २०२७ मध्ये गुड फ्रायडे २६ मार्चला आहे आणि ईस्टर २८ तारखेला.